‘मला असं म्हणायचंच नव्हतं!’ : बोलताना होणाऱ्या या चुका टाळा

आपण जीव तोडून सांगतो आणि समोरचा भलताच अर्थ काढतो. दोन-चार वेळा असं झालं की माणूस ‘जाऊ दे, सांगून उपयोग नाही’ म्हणत गप्प बसतो. सगळ्यात महागात पडतं ते हे गप्प बसणं. समोरच्याच्या डोक्यात चुकीचा अर्थ पक्का होतो आणि पुढचं सगळं बोलणं तो त्याच अर्थाने ऐकत राहतो.

गैरसमज की मतभेद, हे न तपासणं

आधी नेमकं काय बिघडलंय ते पाहा. समोरच्याला शांतपणे विचारा, “माझ्या बोलण्याचा तू काय अर्थ घेतलास?” त्याने तुमचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत बरोबर सांगितलं आणि तरीही नकार दिला, तर त्याला तुमचं कळलंय, पटलेलं नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा समजावत बसलात तर चिडचिडच वाढते. तिथे त्याची अडचण विचारायची आणि मधला मार्ग काढायचा. सांगताना तो अडखळला किंवा त्याने भलतंच सांगितलं, तरच तो गैरसमज.

“समजलं ना?” या प्रश्नाचा इथे उपयोग नाही. त्यावर बहुतेक लोक “हो” म्हणतात, आणि तेही प्रामाणिकपणे, कारण त्यांना काहीतरी समजलेलं असतंच.

मनातलं समोरच्यापर्यंत पोचलंय असं धरून चालणं

बहुतेक गैरसमजांचं मूळ इथे आहे. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एक प्रयोग केला. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका बोटांनी टेबलावर वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. निम्मी गाणी ओळखली जातील असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात चाल, शब्द सगळं सुरू असतं. ऐकणाऱ्याला ऐकू येते नुसती टकटक.

घरातल्या बोलण्यात हेच होतं. बहीण भावाला म्हणते, “दादा, आईकडे जरा लक्ष द्यायला हवं.” तिच्या मनात असतं की गेल्या तीन वेळा रजा मीच काढली, आता याने पुढे व्हावं. दादाच्या कानावर पडते एक सर्वसाधारण काळजी. तो “हो ना” म्हणतो आणि विषय संपतो. चार दिवसांनी तिला वाटतं, याला माझी कदर नाही. दादाला कशाचाच पत्ता नसतो.

यावर उपाय म्हणजे तीन गोष्टी उघड बोलणं : काय घडलं, त्याने मला काय होतंय, आणि मला नेमकं काय हवंय. “दादा, गेल्या तीन वेळा आईला डॉक्टरांकडे मीच नेलं. माझी फार ओढाताण होतेय. या शनिवारी तू नेशील का?” यातली तिसरी गोष्ट सर्रास राहून जाते आणि गाडी तिथेच अडते. नुसतं मन मोकळं करायचं असेल, तर तेही सुरुवातीलाच सांगा : “सल्ला नको, फक्त ऐकून घे.” नाहीतर समोरचा उपाय सुचवू लागतो आणि आपल्याला वाटतं, याने ऐकलंच नाही.

जवळच्या माणसाला न सांगता कळेल ही अपेक्षा याच चुकीची सख्खी बहीण. केनेथ सावित्स्की आणि सहकाऱ्यांच्या २०११ सालच्या अभ्यासात, आपला जोडीदार आपलं बोलणं बरोबर ओळखेल असा बोलणाऱ्यांचा भरवसा होता; पण अनोळखी माणसांपेक्षा जोडीदारांना ते फारसं जास्त कळलं नाही. सहवास वाढला तरी स्पष्ट बोलण्याची गरज राहतेच.

तेच वाक्य चढ्या आवाजात

कळलं नाही म्हणून तेच शब्द मोठ्याने म्हटले, की समोरचा फक्त आवाज ऐकतो. वाक्य बदला, एखादं उदाहरण द्या किंवा उलट क्रमाने जा : आधी मागणी, मग कारण. दोनदा वेगळ्या शब्दांत सांगूनही जमलं नाही तर थांबा. अंगात राग चढलेला असेल तर किमान २० मिनिटं जाऊ द्या. मात्र न सांगता उठून जाऊ नका. “अर्ध्या तासाने बोलू” असं म्हणा आणि त्या वेळेला खरंच बोला.

“तुला कधीच कळत नाही” हे वाक्य पूर्ण टाळा. ऐकणारा लगेच स्वतःचा बचाव करायला लागतो आणि मूळ विषय बाजूला पडतो. त्याऐवजी “मला नीट सांगता आलं नाही बहुतेक, पुन्हा सांगते” असं म्हणून बघा. ही शरणागती नाही. यामुळे त्याला पुन्हा ऐकायला जागा मिळते.

नाजूक विषय मेसेजवर

लेखी मजकुरात आवाजाचा चढउतार नसतो, त्यामुळे “ठीक आहे” हे होकारासारखंही वाचता येतं आणि रागासारखंही. एका विषयावर दोन मेसेजमध्ये सूर बिघडला, तर तिसरा न लिहिता फोन करा.

आणि एक. स्पष्ट, शांत आणि वेगवेगळ्या शब्दांत सांगूनही एखादी व्यक्ती दर वेळी तुमचे शब्द फिरवून तुमच्याच विरोधात वापरत असेल, तर दोष तुमच्या मांडणीत शोधत बसू नका. तिथे बोलणं कामापुरतं ठेवा आणि महत्त्वाचं लेखी ठेवा. पण सगळ्यांशीच बोलताना, आठवडेच्या आठवडे, ‘मला कुणीच समजून घेत नाही’ असं वाटत असेल, झोप उडाली असेल, माणसं टाळावीशी वाटत असतील, तर समुपदेशकाची वेळ घ्या. सुरुवात कशी करावी हे सुचत नसेल, तर हेच वाक्य कागदावर लिहून सोबत न्या.