डफ शेकताना

पोवाड्याची चाल, झील (शाहिरामागं धरायची सुरांची साथ), ‘जी जी रं जी’ कुठं उचलायचं हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. मी फक्त डफ कसा फाटतो ते सांगणार आहे, कारण माझा फाटलाय.

५ जूनची रात्र. दुसऱ्या दिवशी रायगडावर राज्याभिषेक सोहळा, मुक्काम पायथ्याला पाचाडात. (शेकोटी खालीच करा. गड संरक्षित स्मारक आहे, वर काडी ओढायची नाही.) पाऊस पडलेला नसला तरी त्या दिवसांत हवेला ओल असते. कातडं सैल पडतं आणि डफ ‘भद् भद्’ करतो. शेकला की कातडं आक्रसतं, आवाज चढतो. इथवर सगळ्यांनाच ठाऊक असतं.

पण जाळापासून लांब येऊन उभं राहिलं की हवेतली ओल कातडं परत पिऊ लागतं. आवाज उतरतो. मग आपण पुन्हा शेकोटीकडे पळतो आणि या खेपेला जरा जास्तच जवळ धरतो. मी तीनदा पळालो. तिसऱ्यांदा ‘टण्ण’ असा आवाज आला, मी खूश. डफ न फिरवता एकाच बाजूनं धरला होता, ती कड वाळून पापडासारखी झाली होती, ते कळलंच नाही. पोवाड्याच्या दुसऱ्या चौकाला (भागाला) थाप पडली आणि टर्रकन कड्यापाशी फाटला. शाहीर थांबले नाहीत. तुणतुणं आणि झांजेवरच त्यांनी अफझलखान मारला. माझ्याकडे बघितलंही नाही, ते जास्त लागलं.

तेव्हा ज्वाळेवर नको, निखाऱ्यावर शेका. हातभर वर धरा, फिरवत राहा. कातड्याखाली तळवा धरून बघा. हाताला सोसवत नसेल तर कातड्यालाही सोसत नाही. शेकल्यावर लगेच थाप नको, आधी बोटांनी टिचकी मारून सगळ्या कडा ऐका. जमलं तर दोन डफ ठेवा, एक वाजता, एक शेकता.

फायबरचा डफ घ्या म्हणणारे भेटतील. पन्हाळा ते पावनखिंड भर जुलैत चालणार असाल तर घ्या, एरवी तो पत्र्यासारखा बोलतो. आणि अंगात मावळ्याचा अंगरखा, पुढ्यात पेटी (हार्मोनियम), हे मला बघवत नाही. पेटी इकडं आली एकोणिसाव्या शतकात. शिकायचं तर मोठ्या शाहिरांच्या मागं लागू नका, त्यांना वेळ नसतो. म्हाताऱ्या झीलकऱ्याशेजारी बसा. व्हिडिओ बघून थाप येते, पण ओल हाताला लावूनच कळते.

घाबरू मात्र नका. कातडं नवं चढवता येतं, मीही चढवलं. गेल्या जूनमध्ये शाहिरांनी विचारलं, “डफ कोण शेकतंय?” मी उठलो. त्यांनी माझ्या हातात तुणतुणं दिलं.