कनेक्शन सोडायच्या बेतातलं गिऱ्हाईक आधीच कसं ओळखायचं

कोल्हापुरात राजारामपुरीत दादाचा ब्रॉडबँडचा धंदा आहे. हिशेब आणि कॉम्प्युटर माझ्याकडे. गिऱ्हाईक गेल्यावर फोन करून काही होत नाही, तोवर दुसऱ्याची वायर घरात आलेली असते. म्हणून मी मॉडेल बनवलं, म्हणजे जुन्या नोंदींवरून शिकून पुढे कोण जाईल याचा अंदाज सांगणारा प्रोग्राम.

आधी ‘गेलं’ म्हणजे काय ते ठरवा. माझी चूक इथेच झाली. रिचार्ज 15 दिवस चुकला की गेलं, असं मी धरलं. मग विद्यापीठाजवळच्या खोल्यांतली पोरं मे महिन्यात गावी गेली, ती सगळी यादीत! त्याहून वाईट 2019 चा ऑगस्ट. पंचगंगेचं पाणी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत शिरलेलं, माणसं घरं सोडून पाहुण्यांकडे गेलेली, रिचार्ज कोण करणार? मॉडेल मात्र शिकलं की पाणी येतं तिथली गिऱ्हाइकं टिकत नाहीत. आता 45 दिवस धरते आणि 2019, 2021 च्या पुराचे महिने वगळते.

मग एक तारीख पकडा, समजा 1 मार्च. माहिती फक्त त्याआधीची घ्यायची: तक्रारी किती, त्या सुटायला किती तास लागले, रिचार्ज किती उशिरा झाला, वापर किती घटला. उत्तर नंतरचं: मार्चमध्ये कुणाचा रिचार्ज थांबला आणि पुढे 45 दिवस झालाच नाही. ‘राउटर परत घेतला’ हा रकाना काढून टाका. तो गिऱ्हाईक गेल्यावरच भरतात, म्हणजे मॉडेलला पेपर आधीच फुटला.

सुरुवात लॉजिस्टिक रिग्रेशनने करा, म्हणजे प्रत्येक रकान्याला वजन देऊन गिऱ्हाईक जाण्याची शक्यता काढणारी साधी पद्धत. त्यासाठी पायथनमधली सायकिट-लर्न ही तयार लायब्ररी फुकट मिळते आणि कुठल्या रकान्यामुळे धोका वाढला ते दादाला दाखवता येतं. तपासणी पुढच्या महिन्यांवर करा. नुसत्या अचूकतेवर जाऊ नका: 100 पैकी 4 जाणार असतील, तर ‘कुणीच जात नाही’ म्हणणारं मॉडेलही 96 टक्के बरोबर येतं. आपला माणूस आठवड्यात 30 घरी जाऊ शकत असेल, तर यादीतल्या वरच्या 30 पैकी खरंच जाणारे किती, एवढंच बघा.

यादी हातात आली की लगेच सवलत देऊ नका. आधी तक्रार सोडवा. आणि यादीतली काही घरं चिठ्ठ्या टाकून निवडा, त्यांना मुद्दाम फोन करू नका, नाहीतर फोनने फरक पडला का ते कधीच कळणार नाही. दादाला हे पटेना. “आपल्या माणसांना असंच सोडायचं?” शेवटी ठरलं, ज्यांची तक्रार अजून सुटलेली नाही ती घरं चिठ्ठीत घालायचीच नाहीत, तिथे लाइनमन आधी जातो.