स्प्रिंग कंट्रोलरच्या टेस्टमध्ये मॉक करताना या चुका टाळा

स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कमध्ये कंट्रोलरच्या (वेब रिक्वेस्ट घेणाऱ्या क्लासच्या) टेस्टमध्ये सर्व्हिस मॉक करा, म्हणजे खरीच्या जागी नकली ठेवा. मॅपर (एका ऑब्जेक्टचं दुसऱ्यात रूपांतर करणारा क्लास), व्हॅलिडेशन आणि एक्सेप्शन हँडलर खरेच राहू द्या. सगळंच मॉक केलं, तर टेस्ट हिरवी दिसते, पण तपासलं काहीच जात नाही.

नेहमीची गफलत म्हणजे क्लासवर '@वेबएमव्हीसीटेस्ट' (फक्त वेबचा भाग उभा करणारं ॲनोटेशन) आणि सर्व्हिसवर नुसतं '@मॉक'. तो मॉक स्प्रिंगच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे स्प्रिंग सांभाळत असलेल्या ऑब्जेक्टच्या (बीनच्या) संचात, जातच नाही, त्यामुळे बीन सापडत नाही म्हणून टेस्ट सुरू होण्याआधीच कोसळते. तिथे '@मॉकिटोबीन' हवं. जुनं '@मॉकबीन' स्प्रिंग बूट ३.४ मध्ये डेप्रिकेट झालं आणि ४.० मध्ये काढून टाकलं.

'@वेबएमव्हीसीटेस्ट' साधे कॉम्पोनंट उचलत नाही, म्हणून पुढची एरर मॅपरची येते. वैतागून तोही मॉक करू नका. '@इम्पोर्ट'ने खरा मॅपर आणा. '@कंट्रोलरॲडव्हाइस' मात्र आपोआप येतं.

सर्वांत फसवी चूक स्टबिंगची, म्हणजे मॉकने कधी काय उत्तर द्यायचं ते ठरवण्याची. समजा, ऑर्डर घेणारा पोस्ट एंडपॉइंट सर्व्हिसने दिलेला ऑब्जेक्ट तसाच परत करतो. टेस्टमध्ये तुम्ही एक रिक्वेस्ट ऑब्जेक्ट बनवला आणि 'हा आला की ही ऑर्डर दे' असं मॉकला सांगितलं. पण कंट्रोलरच्या हातात पडतो तो जॅक्सन या लायब्ररीने जेसनमधून नव्याने बनवलेला ऑब्जेक्ट. क्लासमध्ये 'इक्वल्स' (दोन ऑब्जेक्ट समान आहेत का ते ठरवणारी मेथड) नसेल, तर मॉक बनवणाऱ्या मॉकिटो लायब्ररीच्या लेखी हे दोन वेगळे. मग मॉक गुपचूप नल देतो, रिस्पॉन्स जातो २०० आणि बॉडी रिकामी! टेस्टमध्ये फक्त स्टेटस तपासलं असेल, तर ती बिनदिक्कत पास होते. म्हणून रिक्वेस्टसाठी जावाचं रेकॉर्ड वापरा, म्हणजे 'इक्वल्स' आयतं मिळतं. आणि 'जेसनपाथ'ने ऑर्डरचा आयडी तपासाच. 'एनी' (कोणतंही आर्ग्युमेंट चालवून घेणारा मॅचर) वापरलंत, तर सर्व्हिसपर्यंत नेमकं काय पोचलं ते 'आर्ग्युमेंटकॅप्टर'ने बघा. एका आर्ग्युमेंटला मॅचर लावला की बाकीच्यांनाही लावावा लागतो, साध्या व्हॅल्यूला 'ईक्यू'.

स्टब न केलेली मेथड दरवेळी नलच देते असंही नाही. लिस्ट असेल तर रिकामी लिस्ट, ऑप्शनल असेल तर रिकामं ऑप्शनल. अनपेक्षित ४०४ आला, की आधी इथे शोधा.

टेस्ट रेंगाळत असतील, तर मॉकचे संच पाहा. संच वेगळा की स्प्रिंग नवा कॉन्टेक्स्ट उभारतो, कॅशमधला वापरत नाही. सामाईक मॉक एका बेस क्लासमध्ये ठेवा.

मेन क्लासवर '@इनेबलजेपीएऑडिटिंग' असेल, तर वेब टेस्ट जेपीए मेटामॉडेल (डेटाबेसच्या एंटिटींची माहिती) रिकामं असल्याची तक्रार करते. त्यासाठी मेटामॉडेलचं बीन मॉक करत बसू नका; ते ॲनोटेशन वेगळ्या '@कॉन्फिगरेशन' क्लासमध्ये हलवा.