वजन कमी करताना खाणं आणि व्यायाम यांचा हिशेब कसा जुळवावा

व्यायाम सुरू आहे, खाणंही मोजून आहे, तरी काटा हलत नाही. या तक्रारीमागे बऱ्याचदा एकच चूक सापडते: व्यायामाच्या कॅलरी दोनदा धरलेल्या असतात. एकदा रोजची गरज काढताना, आणि दुसऱ्यांदा ‘आज घाम गाळलाय, थोडं जास्त चालेल’ म्हणून ताटात. खाली दिलेल्या पद्धतीत व्यायाम एकदाच धरला आहे.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल, वय १८ च्या आत असेल किंवा पूर्वी खाण्याशी संबंधित मानसिक आजार झालेला असेल, तर हे आकडे परस्पर लागू करू नका. आधी डॉक्टरांशी बोला.

पायरी १ : व्यायामाशिवायची गरज काढा

मिफ्लिन-सेंट जिओर हे १९९० सालचं सूत्र घरच्या हिशेबाला पुरेसं आहे. वजन (किलो) गुणिले १०, अधिक उंची (सेंटिमीटर) गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. जे उत्तर येईल त्यात पुरुषांनी ५ मिळवायचे, स्त्रियांनी १६१ वजा करायचे.

३५ वर्षांची, ७० किलो वजनाची, १६० सेंटिमीटर उंचीची स्त्री घेऊ. ७०० + १००० – १७५ – १६१ = १३६४. नुसतं पडून राहिलं तरी शरीराला दिवसाला साधारण एवढ्या कॅलरी लागतात. दिवसभर बैठं काम असेल तर याला १.२ ने गुणा : सुमारे १६४०.

तक्त्यांमध्ये १.३७५, १.५५ असे मोठे गुणकही दिलेले असतात. त्यांत व्यायाम आधीच मिसळलेला असतो, आणि स्वतःची हालचाल प्रत्येकाला असते त्यापेक्षा जास्त वाटते. म्हणून १.२ च घ्या. कामच उभ्याचं किंवा अंगमेहनतीचं असेल तरच पुढचा गुणक.

पायरी २ : व्यायामाचा निव्वळ खर्च काढा

हालचालीची तीव्रता ‘मेट’मध्ये मोजतात. शांत बसणं म्हणजे १ मेट, म्हणजे दर किलो वजनामागे तासाला साधारण १ कॅलरी. ताशी ५ किलोमीटर वेगाने सपाटीवर चालणं सुमारे ३.५ मेट, ताशी ८ किलोमीटरने धावणं सुमारे ८. सूत्र सोपं आहे : मेट × वजन × तास. पण मेटमधून आधी १ वजा करा, कारण तो वेळ बसून घालवला असता तरी तेवढा खर्च झालाच असता आणि तो पहिल्या पायरीत धरलेला आहे.

वरच्या उदाहरणात ४५ मिनिटं चालणं म्हणजे २.५ × ७० × ०.७५ = सुमारे १३०. आठवड्यातून ६ दिवस चाललं तर रोजची सरासरी ११० पडते. एकूण खर्च झाला १७५०. मनगटावरचं घड्याळ यापेक्षा मोठा आकडा दाखवण्याची शक्यता बरीच. घड्याळ पावलं मोजायला ठीक, कॅलरींसाठी त्यावर विसंबू नका.

आता हाच हिशेब चुकीच्या वाटेने करून बघा. ‘मी व्यायाम करते’ म्हणून १.५५ चा गुणक लावला : २११४. वजन उतरावं म्हणून त्यातून ५०० वजा : १६१४. घड्याळाने २०० दाखवले म्हणून तेवढं वरून खाल्लं : १८१४. खरा खर्च १७५०. कागदावर ५०० ची तूट, प्रत्यक्षात ६० च्या आसपास जास्तच पोटात.

पायरी ३ : तूट ठरवा

तूट म्हणजे खर्चापेक्षा जेवढं कमी खायचं तेवढ्या कॅलरी. एकूण खर्चाच्या १५ ते २५ टक्के तूट बहुतेकांना झेपते. इथे ३५० धरली तर रोज १४०० कॅलरी खायच्या. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, त्यामुळे आठवड्याला ३०० ग्रॅमच्या आसपास वजन उतरेल. वेग कमी वाटेल, पण फार घाई केली की भूक आणि थकवा मिळून काही आठवड्यांत सगळं मोडू शकतं. वैद्यकीय देखरेखीशिवाय स्त्रियांनी १२०० च्या आणि पुरुषांनी १५०० च्या खाली जाऊ नये. तूट वाढवायचीच असेल तर ताट आणखी कापण्याऐवजी चालणं वाढवा.

व्यायामाच्या दिवशी वेगळं जास्त खायचं नाही, सरासरीत ते आलेलं आहे. अपवाद दीड तासाच्या वर चालणाऱ्या धावण्या-सायकलिंगचा. त्या दिवशी निव्वळ खर्चाच्या निम्मं परत खाल्लं तरी चालेल.

पायरी ४ : खाणं मोजा, निदान पहिले काही आठवडे

सगळ्यात मोठी गळती तेलात असते. १५ मिलिलिटरचा एक चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, जवळजवळ ४५ मिनिटांचं चालणं. बाटलीतून अंदाजाने ओतताना दोन चमचे कधी झाले ते कळतही नाही. उपाय असा : डिजिटल काट्यावर बाटली ठेवा, शून्य करा, तेल ओता, बाटली परत ठेवा. उणे जेवढे ग्रॅम दिसतील ते गुणिले ९. सुकामेवा, लोणी, चीज हेही असंच काट्यावर मोजा, पण ९ ने गुणायचं ते फक्त तेलाला.

दुसरी चूक कच्च्या-शिजलेल्याची. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५० कॅलरी असतात, १०० ग्रॅम भातात १३० च्या आसपास. नोंद कोणत्या वजनाची करताय ते एकदा ठरवा आणि तेच पाळा. चाखणं, मुलांच्या ताटातलं उरलेलं संपवणं, सुट्टीच्या दिवसाचं जेवण, हेही लिहा.

प्रथिनं दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम ठेवा. ७० किलोला रोज साधारण ८५ ते ११० ग्रॅम. ती दिवसभराच्या जेवणांत विभागली की भूकही आटोक्यात राहते.

पायरी ५ : व्यायामात वजन उचलणं ठेवा

तूट असताना शरीर चरबीबरोबर स्नायूही वापरतं. आठवड्यातून दोन-तीन दिवस स्क्वॉट, पुशअप, रोइंग असे मोठ्या स्नायूंचे व्यायाम केले तर ते नुकसान बरंच टळतं. उरलेल्या दिवसांत मिळून किमान १५० मिनिटं जलद चालणं.

एक छुपा खड्डा : सकाळी दमवणारा व्यायाम, आणि मग उरलेला दिवस खुर्चीत. व्यायामाने कमावलेलं असं हळूच परत जातं. म्हणून दिवसभराची पावलं नोंदवा. व्यायामाच्या दिवशी ती इतर दिवसांपेक्षा कमी भरत असतील तर व्यायाम जरा हलका करा.

पायरी ६ : काट्यावरून खरा आकडा काढा

सूत्र म्हणजे शेवटी अंदाजच. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी लिहा. पहिला आठवडा हिशेबात धरू नका. दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर) साधारण ३ ग्रॅम पाणी साठलेलं असतं, तो साठा घटला की किलो-दीड किलो झटक्यात गेल्यासारखं दिसतं. उलट, नवीन व्यायामाने स्नायू दुखत असतील, मीठ जास्त झालं असेल किंवा पाळी जवळ आली असेल तर पाण्यानेच वजन वाढतं.

दुसऱ्या आठवड्याची सरासरी ६९.४ आणि सहाव्याची ६८.२ आली असं धरा. फरक १.२ किलो × ७७०० = ९२४०. २८ दिवसांनी भागले की रोजची तूट ३३०. खाल्लेल्या १४०० मध्ये ती मिळवली की खरा खर्च १७३०. इथून पुढे सूत्र बाजूला ठेवा, हा आकडा वापरा.

चार आठवड्यांच्या अंतराने घेतलेली सरासरी अजिबात हलली नाही तर आधी तेलाची आणि सुट्टीच्या दिवसांची नोंद तपासा. ती चोख असेल तर रोजच्या १०० कॅलरी कमी करा किंवा चालणं अर्ध्या तासाने वाढवा. दोन्ही एकदम नको. दर ५ किलो उतरल्यावर पहिल्या दोन पायऱ्या नव्या वजनावर पुन्हा करा, कारण हलकं शरीर बसूनही कमी जाळतं आणि चालूनही.

चक्कर येणं, पाळी चुकणं, सतत थंडी वाजणं किंवा उचलायची वजनं आठवड्यागणिक घटत जाणं, यांतलं काही दिसलं तर तूट फार मोठी आहे. दोन आठवडे खर्चाइतकं खा आणि लक्षणं तरीही राहिली तर डॉक्टरांना दाखवा.