बारची रेषा ओलांडताना: गिटारवरील उत्स्फूर्त वादनातील लयबद्ध वाक्यरचनेचा सराव

गिटारवर नव्याने सोलो वाजवू लागलेल्या वादकाचे वादन ऐकताना एक गोष्ट लवकर लक्षात येते: त्याचे प्रत्येक स्वरवाक्य बारच्या, म्हणजे ठरावीक मात्रांच्या एका विभागाच्या, पहिल्या मात्रेवर सुरू होते आणि बार संपण्याच्या आत थांबते. स्वर बरोबर असतात, स्केलही चुकलेले नसते, तरीही वादन तुकड्यातुकड्यांचे वाटते. याचे कारण बहुधा हाताच्या सवयीत असते. कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट) बहुधा बारच्या आरंभी बदलते, म्हणून वादक तेथे थांबतो, नवी जागा शोधतो आणि मग पुढचे वाक्य सुरू करतो. त्यात श्वासासाठी थांबण्याची गरज गिटारवादकाला नसल्यामुळे वाक्य कोठे संपवावे हे शरीर त्याला सांगत नाही. ते त्याला मुद्दाम ठरवावे लागते.

दोन बारमधली ही रेषा ओलांडायची असेल तर ती आधी स्वतःच्या अंगात पक्की असावी लागते. जो वादक सम, म्हणजे बारची पहिली मात्रा, विसरतो त्याचे वाक्य रेषेपलीकडे जात नाही, ते केवळ भरकटते. म्हणून पहिल्या पायरीवर गिटार बाजूला ठेवावी. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून ४/४ मध्ये, म्हणजे बारला चार मात्रा धरून, पायाने चार मात्रा द्याव्यात आणि तोंडाने ‘एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि’ असे मोजावे. एका बारमध्ये अर्ध्या मात्रेच्या अशा आठ जागा होतात. त्यांपैकी कोणत्याही एका जागेवर टाळी देता आली, विशेषतः ‘चार’नंतरच्या ‘आणि’वर, आणि तरीही पाय डळमळला नाही, म्हणजे पुढे जाण्यास हरकत नाही.

आता गिटारवर अर्ध्या मात्रेच्या पाच स्वरांचे एकच वाक्य ठरवावे. उदाहरणार्थ ए, सी, डी, ई आणि पुन्हा डी. हे वाक्य आठही जागांवरून क्रमाने सुरू करावे. पहिल्या चार जागांवरून सुरू केल्यास ते त्याच बारमध्ये संपते. ‘तीन’वरून सुरू केल्यास त्याचा शेवटचा स्वर पुढच्या बारच्या समेवर पडतो, आणि त्यानंतरच्या तीन जागांवरून सुरू केल्यास तो समेच्याही पुढे जातो. स्वर तेच, बोटे तीच, तरी वाक्याचा अर्थ दर वेळी बदलतो. या सरावात नवे स्वर घालण्याचा मोह टाळावा, कारण येथे कानाला जागेचा फरक ऐकू येणे महत्त्वाचे आहे.

यानंतर कॉर्डचा बदल घ्यावा, कारण रेषा ओलांडण्याचा खरा परिणाम तेथेच ऐकू येतो. ए या सुरातील बारा बारच्या ब्लूजमध्ये (बारा बारच्या ठरावीक कॉर्डक्रमात), त्याच्या सर्वसाधारण रूपात, चौथ्या बारला ए७ ही कॉर्ड आणि पाचव्या बारला डी७ असते. ए७ मधील सी शार्प दुसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या दांड्यावरील पट्टीवर) मिळतो, तर डी७ मधील सी त्याच तारेवर पहिल्या फ्रेटवर. चौथ्या बारच्या तिसऱ्या मात्रेपासून वाक्य सुरू करून ‘चार’वर सी शार्प वाजवावा, लगेचच्या ‘आणि’वर सी घ्यावा आणि तो पाचव्या बारमध्ये लांबवावा. कॉर्ड बदलण्याच्या अर्धी मात्रा आधीच नव्या कॉर्डची चाहूल लागते आणि दोन्ही बार एकाच वाक्यात बांधले जातात. उलटही करून पाहावे: सी शार्प समेपलीकडे धरून ठेवावा आणि ‘दोन’वर सी कडे उतरावे. हा ताण थोडा बोचतो, आणि बोचलाच पाहिजे. मात्र तो सुटलेला स्पष्ट ऐकू आला नाही, तर श्रोत्याला ती चूकच वाटेल.

पुढची पायरी गटांची आहे आणि तिला सर्वाधिक वेळ द्यावा. अर्ध्या मात्रेचे स्वर तीन-तीनच्या गटांत वाजवून प्रत्येक गटाच्या पहिल्या स्वरावर जोर द्यावा. पहिल्या बारमध्ये जोर ‘एक’, दोननंतरचा ‘आणि’ आणि ‘चार’ येथे पडतो; दुसऱ्यात एकनंतरचा ‘आणि’, ‘तीन’ आणि चारनंतरचा ‘आणि’; तिसऱ्यात ‘दोन’ आणि तीननंतरचा ‘आणि’. चौथ्या बारच्या समेवर जोर आणि सम पुन्हा एकत्र येतात. म्हणजे तीन बारमध्ये आठ गट पूर्ण होतात, आणि बारा बारमध्ये हे चक्र नेमके चार वेळा बसते. अशा तीन गटांना एक स्वर कमी न करता सलग वाजवले, तर समेवर सुरू झालेल्या नऊ स्वरांतील नववा स्वर पुढच्या समेवर येतो. तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणे) ऐकलेल्या कानाला ही गंमत ओळखीची वाटेल.

येथे उजव्या हाताची अडचण उभी राहते. पिक (तार छेडण्याची छोटी पट्टी) एकाआड एक खाली-वर चालवल्यास पहिल्या गटाचा जोर डाउनस्ट्रोकवर (खाली जाणाऱ्या फटक्यावर) येतो, दुसऱ्याचा अपस्ट्रोकवर (वर जाणाऱ्या फटक्यावर), आणि पुढेही असेच आलटून पालटून चालते. अनेकांचा अपस्ट्रोक दुबळा असल्यामुळे दर दुसरा गट विरून जातो आणि हात नकळत पुन्हा चारच्या गटांकडे वळतो. म्हणून एकाच तारेवर, एकाच स्वरावर, केवळ अपस्ट्रोकवर जोर देण्याचा सराव रोज काही मिनिटे वेगळा करावा. तो कंटाळवाणा आहे, पण त्याला पर्याय नाही. तीनचे गट स्थिरावल्यावर पाचचे गट घ्यावेत; ते पाच बारनंतर समेवर येतात आणि बारा बारमध्ये सरळ बसत नाहीत, त्यामुळे या गटांतून बाहेर कोठे पडायचे हे वादकालाच ठरवावे लागते.

आधार हळूहळू कमी करावा. मेट्रोनोम ४० वर ठेवून त्याचे ठोके दुसरी आणि चौथी मात्रा मानले, तर प्रत्यक्ष लय ८० होते आणि सम वादकाने स्वतः सांभाळायची असते. त्यावर जमले की एका बारला एकच ठोका ठेवावा.

ऐकण्यासाठी चार्ली क्रिश्चन यांचे वादन निवडावे. १९३९ पासून जॅझवादक बेनी गुडमन यांच्या सेक्स्टेटमध्ये (सहा वादकांच्या संचात) वाजवणाऱ्या या गिटारवादकावर सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांचा प्रभाव होता. फुंकून वाजवण्याच्या वाद्याप्रमाणे श्वास घेणारी त्यांची लांब वाक्ये बारच्या चौकटीला फारशी जुमानत नाहीत. त्यांच्या सोलोचा बारा-सोळा बारचा भाग घेऊन कागदावर बार आखावेत आणि प्रत्येक वाक्य कोठे सुरू होते, कोठे संपते एवढ्याच खुणा कराव्यात; स्वर लिहू नयेत. मग स्वतःच्या दोन मिनिटांच्या ध्वनिमुद्रणावर त्याच खुणा कराव्यात. सुरुवातीच्या खुणा समेवरच गर्दी करत असतील, तर पुढच्या बैठकीत समेवर वाक्य सुरू करायचेच नाही असा निर्बंध घालावा, आणि सगळे शेवट ‘चार’च्या आत येत असतील, तर तोच निर्बंध शेवटांना लावावा.