गावच्या वाचनालयाचं विकिपीडिया पान: आधी लाल पेन घ्या

नागपूरच्या एका दैनिकात मी बरीच वर्षं जिल्ह्याचं पान लावलं. निवृत्त झाल्यावर मराठी विकिपीडियावर रमलो, तेव्हापासून काटोल, उमरेड, सावनेरकडची मंडळी स्मरणिका काखेत मारून घरी येतात. "भाऊ, आमच्या वाचनालयाचं पान करून द्या नं." त्यांना चहासोबत जे सांगतो, तेच इथे लिहितो.

वाचनालय चांगलं आहे का, जुनं आहे का, वाचक किती येतात, हे सगळं सध्या बाजूला ठेवा. विकिपीडिया एवढंच विचारतो: ज्यांचा या संस्थेशी काही संबंध नाही, अशांनी विश्वासार्ह ठिकाणी तिच्याबद्दल सविस्तर लिहिलंय का? यालाच तिथे उल्लेखनीयता म्हणतात.

मंडळींचा पहिला दावा हमखास असतो तो 'शासनमान्य, अ वर्ग'. पण १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली वाचनालयं राज्यात हजारोंनी आहेत आणि अ, ब, क, ड हे वर्ग अनुदानाच्या हिशेबाचे. सरकारी यादीत नाव आहे म्हणजे वाचनालय आहे, इतकंच सिद्ध होतं. वयाचंही तसंच. रत्नागिरीचं वाचनालय १८२८चं, नाशिकचं १८४०चं; पण नुसत्या सनावर लेख उभा राहत नाही, त्या सनाभोवती इतरांनी काय लिहून ठेवलंय त्यावर राहतो.

मग एखादं पोट्टं मोबाईल पुढे करतं. "काका, अमेरिकेतल्या एवढ्याशा गावच्या लायब्ररीचं पान आहे, आमचं काहून नाही?" रास्त प्रश्न आहे. अमेरिकेतले पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशातून जगभरात अडीच हजारांवर ग्रंथालयं बांधली गेली. त्यांतल्या अनेक इमारती अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीत आहेत, आणि तिथे नोंद करायची तर इमारतीचा इतिहास नि बांधणी यांची तपशीलवार फाईल करावी लागते. म्हणजे तिथेही प्रश्न कागदाचाच. आपल्याकडे तो कागद कुणी केला नाही, हे खरं दुखणं, आणि ते विकिपीडियावर बरं होत नाही.

आता कात्रणांची फाईल उघडा. इथे वेळ घालवा, कारण सगळा घोळ इथेच होतो. वाचनालयाची बातमी कशी जन्मते हे मला चांगलं ठाऊक आहे. ती माझ्याच टेबलावरून जायची. सचिव पत्रक आणून देणार, त्यात अध्यक्षस्थानी कोण, प्रमुख पाहुणे कोण, प्रास्ताविक, संचालन, आभार. आम्ही मथळा द्यायचो, जागा नसली की आभार कापायचो आणि वर 'प्रतिनिधी' लावून पान सोडायचो. तेच पत्रक आणखी तीन पेपरांत गेलेलं असायचं. म्हणून वाचन प्रेरणा दिनाची किंवा मराठी भाषा गौरव दिनाची कात्रणं शेजारी शेजारी मांडा. दीपप्रज्वलनापासून पुढे वाक्यं जुळली, एकाच पाहुण्याचं आडनाव सगळीकडे सारखंच चुकलं, तर ते तीन स्रोत नव्हेत. एकच स्रोत, आणि तोही वाचनालयाचाच.

उपयोगाचं कात्रण वेगळं दिसतं. वर वार्ताहराचं नाव असतं. तो पदाधिकाऱ्यांपलीकडे कुणाशी तरी बोललेला असतो आणि गळक्या छपरासारखी एखादी न रुचणारी गोष्टही त्याने छापलेली असते. अशी दोन-तीन कात्रणं म्हणजे सोनं. पण सगळी तालुक्याच्या साप्ताहिकातली नकोत. इंग्रजी विकिपीडियाचा संस्थांबाबतचा नियम निदान एक तरी स्रोत प्रादेशिक पातळीचा मागतो. राज्य सरकारचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर ग्रंथालय पुरस्कार मिळाला असेल तर त्या सुमाराचे अंक जरूर चाळा. यादीतली एक ओळ पुरत नाही, पण त्या निमित्ताने कुणी लांब लेख लिहिलेला असू शकतो.

पेपरांच्या बाहेरही बघा. नागपूर जिल्ह्याचं १९०८चं गॅझेटियर (म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ), नंतरचं १९६६चं, विदर्भ साहित्य संघाच्या 'युगवाणी'चे जुने अंक, 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाईन संग्रहातले ग्रंथालयशास्त्राचे प्रबंध. प्रबंधात तुमचं वाचनालय तक्त्यातली एक ओळ असेल तर सोडून द्या; त्यावर दोन पानं असतील तर घ्या. शोधताना 'वाचनालय' या एकाच शब्दावर अडू नका, ग्रंथालय, लायब्ररी, वाचन मंदिर सगळं टाकून बघा. गावाचं जुनं स्पेलिंगही: इंग्रजांच्या गॅझेटियरात उमरेड 'उमरेर' म्हणून सापडतं.

मग मसुदा लिहा, छापून घ्या आणि लाल पेन घ्या. जे वाक्य स्मरणिका, अहवाल, पत्रक किंवा अध्यक्षांच्या मुलाखतीतून आलंय, ते खोडा. 'वाचनसंस्कृतीची मुहूर्तमेढ' नि 'ज्ञानाचा अखंड नंदादीप' न विचारता खोडा. दोन-तीन परिच्छेद उरले, तर खुशाल धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर, लेख करा. एकदा उल्लेखनीयता दुसऱ्यांच्या लेखनावर ठरली, की पत्ता, स्थापनेचं साल, ग्रंथसंख्या असली साधी माहिती स्मरणिकेतूनही घेता येते. तुम्ही स्वतः कार्यकारिणीत असाल तर मात्र लेखाला हात लावू नका. संबंध उघड सांगून लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर स्रोत मांडा, लिहू द्या दुसऱ्याला.

खोडून एक-दोनच ओळी उरल्या (बहुतेकदा तेवढ्याच उरतात), तर त्या गावाच्या लेखात घाला. 'शिक्षण आणि संस्कृती' असा विभाग करून, चार सरळ वाक्यांत, स्रोतासह. वाचनालयाच्या नावाचं पुनर्निर्देशन (ते नाव शोधणाऱ्याला आपोआप दुसरीकडे नेणारं पान) त्या विभागाकडे लावा, म्हणजे शोधणारा तिथेच पोचेल. इमारतीचा, फलक नीट वाचता येईल असा फोटो स्वतः काढून कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रसंग्रहावर, चढवा. व्हॉट्सअॅपवर फिरत आलेला नको, तो कुणाचा ते कळत नाही. पुढेमागे एखाद्या अभ्यासकाने सविस्तर लिहिलं, तर त्याच पुनर्निर्देशनाच्या जागी लेख करता येतो, नाव आधीपासून राखलेलं असतं.