तिसरा क्यूब कुठं गेला?

कॉन्फरन्समधलं विद्यार्थी गटाचं बेस्ट पेपर अवॉर्ड माझ्या हातून गेलं, त्याला दोन वर्षं झाली. तरी विश्रामबागेतल्या रूमवर कुणी ज्युनियर "दादा, पेपर टाकायचाय" म्हणत आला की अजून पोटात गोळा येतो.

विषय साधाच होता. एम 25 काँक्रीट (28 दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला 25 न्यूटन ताकद अपेक्षित असलेलं), सिमेंटच्या जागी 10 टक्के बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची राख. आपल्याकडं साखर कारखाने पुष्कळ, त्यामुळं हा विषय दरवर्षी कुणीतरी घेतंच. खुशाल घ्या. राख मात्र गळीत हंगाम चालू असतानाच आणा, मे महिन्यात कारखान्याच्या गेटवर जाऊन उभं राहू नका.

आता मी कुठं आपटलो ते. 28 दिवसांनी तीन क्यूब, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे, ताकद बघायला मशीनमध्ये दाबून फोडले. पहिला 702 किलोन्यूटनला गेला, दुसरा 720 ला, तिसरा 549 लाच. दीडशे मिलिमीटरचा क्यूब, म्हणजे ताकद दर चौरस मिलिमीटरला 31.2, 32.0 आणि 24.4 न्यूटन. तिसऱ्याच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी भोकं. कारण ठाऊक होतं. साच्यात काँक्रीट भरताना दर थराला सळईनं 35 ठोके द्यायचे असतात आणि त्या शेवटच्या साच्याच्या वेळी आमचं अर्धं लक्ष चहाकडं. मग मी तो क्यूब वगळला. उरलेल्या दोघांची सरासरी आली 31.6. एम 25 ची टार्गेट स्ट्रेंग्थ, म्हणजे मिश्रण ठरवताना गाठायची सरासरी ताकद किती? 25 अधिक 1.65 गुणिले 4 (हे 4 म्हणजे मानकात धरलेलं प्रमाण विचलन), म्हणजे 31.6! दशांशासकट जुळलं. मला वाटलं, देवच पावला.

परीक्षकांनी स्लाइडकडं बघून एवढंच विचारलं, "सरासरी दोनाची की तिनाची?"

खोटं बोलता आलं नाही. खरं सांगितलं आणि तिथंच संपलं.

हे नीट समजून घ्या, कारण "चुकार आकडा काढला तर काय बिघडतं" असं मला सिनियरनीच सांगितलं होतं. आयएस 456:2000, म्हणजे काँक्रीटचं भारतीय मानक, म्हणतं, तीन नमुन्यांची सरासरी घ्या, आणि कुठलाही क्यूब तिच्यापासून 15 टक्क्यांहून जास्त लांब नको. माझी तिघांची सरासरी 29.2. तिचे 15 टक्के 4.38. खालची हद्द 24.82, आणि माझा क्यूब 24.4. म्हणजे तो एकटा बाद होत नाही, अख्खा संच बाद होतो. चांगले दोन ठेवून वाईट एक टाकायची सोयच नाही. परत ओता, परत 28 दिवस थांबा. माझ्याकडं सबमिशनला 11 दिवस उरले होते.

म्हणून प्रत्येक वयाला, म्हणजे जितक्या दिवसांनी क्यूब फोडणार त्या प्रत्येक वेळेसाठी, एक जादा संच ओताच. 56 दिवसांचाही ठेवा. राखेची रिअ‍ॅक्शन सावकाश होते, 28 ला हिरमुसायचं कारण नाही.

पैसे भरून आठवड्यात छापून देणाऱ्या जर्नलांच्या नादी लागू नका, ती निव्वळ लूट आहे. आणि ज्या गाइडना लॅबमधल्या मामांचं नाव माहीत नाही, त्यांच्याकडं जाऊ नका. माझं मत आहे, पटलं नाही तर सोडा. ऑथरचा क्रम मात्र पहिल्याच दिवशी विचारा. विद्यार्थी गटात बहुतेक ठिकाणी पहिला लेखक विद्यार्थीच लागतो.

स्टेजवर पाय लटपटतात, सगळ्यांचेच. घाबरू नका. फक्त तिन्ही आकडे स्लाइडवर असू द्या, तिसरा कितीही लाजिरवाणा असला तरी.